श्रावणभाऊंचा थांबणारा मेनू

श्रावणभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाचनालयात तीन नंबरच्या कम्प्युटरसमोर बसले होते. बटण नुकतंच दाबलं होतं, पडद्यावर दोन ओळींचा मेनू आला होता, आणि मी पदरानं चष्मा पुसत होते. सुमनवहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "कमलबाई... हे गेले जी. सकाळी चहा घेतला, खुर्चीवर बसले... न् गेले." मी काय उत्तर दिलं ते आज आठवत नाही. पर्स उचलली आणि निघाले. संध्याकाळी त्यांच्या घरून परतताना वाचनालयाला कुलूप लावायला आत शिरले, तर तो मेनू जसाच्या तसा उघडा होता. दिवसभर लाईन गेली नव्हती हे एक नवल. दुसऱ्या कुठल्याही कम्प्युटरनं एवढ्या वेळात स्वतःच काहीतरी उघडून टाकलं असतं. हा थांबला होता, कारण थांब असं त्याला श्रावणभाऊंनी सांगून ठेवलं होतं.

आता पाच आठवडे झाले. मधे शोकसभा झाली, आमच्या लाखनीच्या त्याच वाचनालयात, फोटोला हार वगैरे. आमचे सचिव उभे राहिले आणि म्हणाले, श्रावण रामटेके म्हणजे अत्यंत मितभाषी, शांत व्यक्तिमत्त्व. मला तिथंच उठून ओरडावंसं वाटलं. मितभाषी? अहो, त्यांना बोलायचं भरपूर होतं, तुम्ही बोलू दिलं नाही! त्यांची जीभ अडखळायची. शब्दाचं पहिलं अक्षर तोंडात अडकून बसायचं आणि समोरच्याला तेवढाही दम नसायचा. लहानपणी गावात त्यांना हकल्या म्हणत, मोठेपणी कोणी म्हणत नव्हतं, पण वाक्य मात्र सगळे त्यांच्या तोंडातून ओढून घ्यायचे. मी पण घेतलं आहे. म्हणून हा लेख माझ्याकडून होतोय, आणि यात कोणाला "शांत व्यक्तिमत्त्व" सापडणार नाही.

माझी त्यांची ओळख निवृत्तीनंतरची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, ते जवाहरनगरच्या फॅक्टरीतून, इलेक्ट्रिशियन म्हणून. वाचनालयाची किल्ली आणि रजिस्टरं माझ्याकडे असत. एका महाविद्यालयानं काढून टाकलेले तीन कम्प्युटर त्यांनी कुठून तरी मिळवले आणि मालवाहू ऑटोत घालून वाचनालयात आणले. धूळ झटकत मला म्हणाले, "बाई, याच्यावर मी लोकायले लि... लि..." मी मास्तरीणच, मला कुठला धीर! म्हटलं, "लिहायला शिकवणार? वा, छान." त्यांनी मान हलवली. डोळे मिटले, श्वास घेतला आणि म्हणाले, "लिनक्स. लिनक्स टाकीन म्हणत होतो. माझं वाक्य मलेच पुरं करू द्या जी. तुम्ही केलं थे चुकलं." असं तोंडावर ऐकवल्यावर मी दोन दिवस फुगून बसले होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडेच शिकायला गेले.

वाचणाऱ्यांना सांगायला हवं. कम्प्युटर दोन तऱ्हांनी चालू शकतो, एक विंडोज, जे सगळ्यांना माहीत आहे, आणि दुसरं लिनक्स, जे जुन्या मशीनवरही नीट चालतं. एकाच कम्प्युटरमध्ये दोन्ही ठेवता येतात. मग सुरू करताना एक काळी पाटी येते, म्हणजेच तो मेनू, आज कोण पाहिजे असं विचारणारी. तिला बूट लोडर म्हणतात. ती काही सेकंद वाट बघते, कोणी काही दाबलं नाही तर जे पहिलं ठरवलेलं असेल ते आपोआप उघडते. पहिलं कोण आणि किती सेकंद, या दोन गोष्टी एका साध्या फाईलमध्ये लिहिलेल्या असतात. त्या फाईलवरून आमच्याकडे जे महाभारत झालं ते सांगून पटणार नाही.

वाचनालयाच्या समितीनं ठराव केला की टायपिंगचा सराव विंडोजवर होतो, सबब विंडोज पहिलं. श्रावणभाऊंच्या लोकांना मात्र लिनक्स लागायचं. त्यांचे लोक म्हणजे कोण? शेवंताबाई, सत्तरीच्या, धानाच्या बांधीत उभा जन्म गेलेला. साक्षरता वर्गात अक्षर शिकल्या आणि आता त्यांना ते वापरायचं होतं. घनश्यामजी, चिखल्याच्या खाणीतून मँगनीजचा ट्रक चालवायचे, लकव्यानं उजवी बाजू गेलेली. आणखी सात-आठ जण, आणि मी. आम्ही तिथं आपापलं लिहीत असू. शेवंताबाईंनी जुन्या धानाच्या वाणांची यादी करायला घेतली होती, चिन्नोर, लुचई आणि मला ठाऊकही नसलेली कितीतरी, कुठलं कुठल्या तलावाखाली व्हायचं, भात कसा लागायचा. घनश्यामजी डाव्या हाताच्या एका बोटानं रस्त्यावरच्या गोष्टी लिहीत. हे सगळं लिनक्सच्या घरात, "आमचं" नावाच्या फोल्डरमध्ये. विंडोज उघडलं की ते घर दिसतच नाही, जणू नाहीच.

तर पाटीवर पाच सेकंद होते. शेवंताबाई चष्मा शोधेपर्यंत पाच सेकंद संपत आणि विंडोज उघडू लागे. त्या खटाऱ्यावर विंडोज उघडून बंद व्हायला दहा मिनिटं लागत, मग पुन्हा पहिल्यापासून. "माह्यावर खार खाते थे मशीन," असं म्हणून बाई हात टेकत. श्रावणभाऊंनी पाचाचे दहा केले. मग घनश्यामजी आले, त्यांचा हात बटणापर्यंत पोचेस्तोवर दहा सरत, तेव्हा दहाचे तीस केले. माझी वेगळीच तऱ्हा. माझ्या मुलीचा फोन नेमका कम्प्युटर सुरू केला की यायचा, आणि मी बोलत बाहेर पायरीवर जायची. आले की विंडोज उघडलेलं! मी आरडाओरडा करायची. श्रावणभाऊ म्हणायचे, "बाईचा फोन म्हणजे तलावाची पार फुटल्यावानी, थांबतच नाही."

सचिवांना हे तीस सेकंद सहन होईनात. एके दिवशी ते हाताची घडी घालून उभेच राहिले. "रामटेकेजी, टायपिंगवाले विद्यार्थी अर्धा अर्धा मिनिट बसून राहतात. वेळेची काही किंमत?" टायपिंगवाल्यांना एंटर दाबलं की तत्क्षणी पुढे जाता येत होतं, तीस सेकंद कोणावर लादलेलेच नव्हते! पण हे कोण ऐकणार. श्रावणभाऊंचा शब्द अडकला. सचिव वाट न बघता वळले. तेव्हा पाठमोऱ्या माणसाला उद्देशून, सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल असं ते बोलले, "पयला कोण थे तुम्ही ठरवा जी! किती थांबाचं थे मी ठरवीन!" सबंध वाक्य, कुठे न अडकता. शेवंताबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात त्यांनी तो आकडा उणे एक केला. उणे एक म्हणजे मोजायचंच नाही. माणूस बटण दाबेपर्यंत पाटी उभी राहणार, तासभर म्हणा, दिवसभर म्हणा.

त्यांची एक पद्धत होती. फाईलमधली जुनी ओळ ते कधीच खोडत नसत. तिच्या आधी हॅशची खूण घालायची, की कम्प्युटर ती ओळ वाचत नाही, फक्त माणसं वाचतात. तिच्याखाली बदल का केला आणि कोणासाठी केला ते मराठीत, आणि मग नवी ओळ. हेच सगळं आधी एका निळ्या वहीत पेन्सिलीनं उतरवायचं. फॅक्टरीत पॅनेलवर काम करताना लागलेली सवय, असं सांगत. कोणी तार हलवली तर चिठ्ठी बांधून जायचं, पुढच्या माणसाला कळलं पाहिजे.

आणि मी काय केलं, ऐका. वाचनालयाची तपासणी होती, साहेब येणार होते. मी कपाटं पुसली, रजिस्टरं कव्हर घालून ठेवली, आणि त्याच झपाट्यात कम्प्युटरमधली ती फाईलही स्वच्छ केली. माझ्या मास्तरणीच्या डोळ्याला त्या हॅशवाल्या ओळी म्हणजे मुलांनी समासात केलेलं कच्चं काम. न वाचताच तिन्ही मशीनवरून खोडून टाकल्या, फक्त चालू आकडा ठेवला. वर अभिमानानं सांगितलंही, "भाऊ, तुमची फाईल किती सुटसुटीत केली बघा!" त्यांनी बघितलं. पहिल्यांदाच मी त्यांना संतापलेलं पाहिलं. शब्द येईना, आणि या वेळी मी तोंड उघडलं नाही, वाट बघितली. "बाई... तुम्ही माणसं खोडली जी. आकडा ठेवला न् माणसं खोडली."

मग खुर्ची ओढून त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. फॅक्टरीच्याही आधी, विशीत असताना, एका ठिकाणी नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. साहेबांनी नाव विचारलं. श्र... श्र... हे अक्षर काही सुटेना. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढच्याचं नाव पुकारलं. "मी बाहेर येऊन मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच सेकंद देल्ले असतीन त्यानं. बाई, मशीनमधी पण बनवणाऱ्यानं पाचच टाकले होते. मले पाहूनच आग लागली. मशीनले काय दुसरं काम हाय? थांबन ना थे!" मला रडू आलं, आणि त्यांना माझ्या रडण्याचाही राग आला. म्हणाले, रडू नका, वही आणा. वहीवरून त्यांनी एकेक ओळ पुन्हा लिहिली, तिन्ही मशीनवर. मी लाजेनं त्यानंतर ती फाईल कधी उघडलीच नाही.

असा माणूस खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. आणि शोकसभा संपून चहाचे कप हातात आल्यावर सचिव मला म्हणतात, "बाई, सोमवारी माणूस येतोय. तिन्ही मशीन फॉरमॅट करून फक्त विंडोज ठेवू. कालच त्यानं तो मेनू काढून टाकला, लोक उगाच गोंधळतात." मी म्हटलं, आणि आतलं लिखाण? "कसलं लिखाण? त्यानं उघडून पाहिलं. काही नाही त्यात." अहो, मेनू काढण्यापुरता तो लिनक्समध्ये गेला असेल, पण लिखाण विंडोजमधून शोधलं तर काय दिसणार, कपाळ! फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं. शेवंताबाईंची धानं, घनश्यामजींचे रस्ते, सगळं सोमवारी सपाट. मी कप तसाच ठेवून तीन नंबर सुरू केला. पाटी नाही, काही नाही, सरळ विंडोज. ज्यानं हार घातला त्यानंच आदल्या दिवशी हे करवून घेतलं होतं. सभेत ज्यांचं कौतुक केलं त्या माणसाचं काम पुसायला दोन दिवसही थांबवलं नाही यांना.

रविवारी मी सुमनवहिनींकडे गेले. त्यांनी काही विचारायच्या आधीच निळी वही पुढे केली. "तुमच्यासाठीच ठेवली होती. हे म्हणत, बाईले मार्जिन सोडून लिहिलेलं आवडते." वहीत सगळं होतं, अगदी माझ्यासारखीला कळेल असं. एका पानावर लिहिलं होतं, मेनू लपला तर घाबरू नका, तो आतच असतो. सुरू होताना डावीकडची शिफ्ट दाबून धरा.

सोमवारी सकाळी मी शेवंताबाई आणि घनश्यामजींना घेऊन वाचनालयात जाऊन बसले. सचिव आले, त्यांचा माणूस आला. मी म्हटलं, आधी मी बघणार, मग तुम्ही. पहिल्या वेळी शिफ्ट दाबायला उशीर झाला, विंडोज उघडलं. सचिव हसले. दुसऱ्या वेळी बटणाबरोबरच दाबली आणि बोट दुखेपर्यंत सोडली नाही. काळी पाटी आली! घनश्यामजींनी डावा हात मांडीवर आपटला. लिनक्स उघडलं, "आमचं" उघडलं, आणि शेवंताबाई उभ्या राहून आपली यादी मोठ्यानं वाचू लागल्या. एकेक अक्षर जोडत वाचत होत्या. दोनदा सचिव "बरं, बरं" म्हणाले, पण बाई कोणाच्या बापाला ऐकणार नव्हत्या, शेवटच्या वाणापर्यंत वाचून मगच बसल्या.

"ठीक आहे, पेनड्राइव्हवर काढून घ्या मग," सचिव म्हणाले. "फॉरमॅट तर करावंच लागेल." मी म्हटलं, "लिखाण काढून घेईन, पण उद्या ही बाई पुढचं लिहायला येईल तेव्हा बसेल कुठे? तुमचा ठराव विंडोज पहिलं असा आहे. ते पहिलंच राहील. किती थांबायचं याचा ठराव कुठल्या रजिस्टरात आहे, दाखवा." रजिस्टर मीच लिहीत असे, त्यामुळे तसा ठराव नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. आलेला माणूस बिचारा भला होता, तो म्हणाला, "साहेब, राहू द्या ना, दोन्ही चालतात." सचिव खुर्ची ओढून बसले, आणि मी तो होकारच समजले.

मग मी ती फाईल उघडली, इतक्या वर्षांनी. त्या माणसानं नुसती खाली शून्याची, म्हणजे अजिबात न थांबण्याची, नवी ओळ जोडली होती आणि मेनू लपवला होता. वरच्या ओळींना हात लावला नव्हता. सगळी माणसं जागेवर होती. पाच, बनवणाऱ्यानं असंच दिलं होतं म्हणून. दहा, शेवंताबाईंना चष्मा सापडायला वेळ लागतो. तीस, घनश्यामजींचा हात डावा आहे, त्याला येऊ द्या. आणि त्याखाली उणे एक. हा आकडा सचिवांशी झालेल्या भांडणाचा, असंच मी समजत होते. तिथं लिहिलं होतं, "कमलबाई फोन आला की बाहेर जातात. परत येईपर्यंत थांब."

मला पुढचं काही वेळ दिसलं नाही. मागून सचिवांनी विचारलं, "झालं का बाई?" मी मागे न बघता म्हटलं, "थांबा." आणि ते थांबले, हे त्यांच्या नावावर लिहून ठेवते.

शून्याची ओळ मी खोडली नाही. हात शिवशिवत होते, पण नाही खोडली. आधी हॅश घातली आणि खाली लिहिलं, समितीनं शून्य केलं होतं, लोक गोंधळतात म्हणून. लोक गोंधळत नव्हते. परत उणे एक केलं, कमल काटेखाये. लपवलेला मेनूही तसाच टीप लिहून बाहेर काढला. ऐटीत कम्प्युटर बंद करून चालू केला, आणि भसकन विंडोज! सचिवांना हसायला आणखी एक संधी. मी वही उघडली. शेवटच्या पायरीखाली पेन्सिलीनं दोन रेघा मारलेल्या होत्या, "फाईलमध्ये लिहून भागत नाही. मशीनला नवी फाईल वाचायला सांगा, नाहीतर ते जुन्याच आकड्यावर चालतं." ती आज्ञा द्यायला मी विसरले होते. पुन्हा शिफ्ट, पुन्हा लिनक्स, आज्ञा दिली, पुन्हा बंद, पुन्हा चालू. पाटी आली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे राहिलो, कोणी काही दाबलं नाही. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते, काचा थडथडत होत्या, पाटी हलली नाही. दुपारपर्यंत उरलेल्या दोन मशीनवरही तेच केलं.

सचिवांची कुरकुर अजून आहे. पुढच्या बैठकीत सेकंदांचा ठराव आणणार म्हणे. आणू दे. मी निळ्या वहीला कव्हर घातलं आहे आणि शेवंताबाईंना शिफ्ट दाबायला शिकवलं आहे, घनश्यामजींना फाईल उघडायला. एकाला हटवाल, दुसरा करेल.

काल तीन नंबर सुरू केला आणि नेमका मुलीचा फोन आला. पाटी उघडी ठेवून मी बाहेर पायरीवर गेले. ती विचारत होती, आई, घाईत आहेस का? मी म्हटलं, नाही गं, बोल. आणि पायरीवर बसून सावकाश बोलले.